गंगाथोप महाराजाचं गंगाळ

घाटावरच्या ओट्याभोवती माणूस मावत नव्हता. बायका लेकरं कडेवर घेऊन टाचा उंच करत होत्या. पोरं कडुलिंबावर चढून बसली होती. वैनगंगेच्या पलीकडच्या गावांची माणसं पायीच पात्र ओलांडून घाट चढत होती. जेठाचं ऊन डोकं भाजत होतं, तरी कुणी सावलीला जात नव्हतं.

ओट्यावर एक उंच चौरंग होता. त्यावरचं लाल कापड चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेलं. चौरंगावर पितळेचं मोठं गंगाळ, गंगाळाच्या मधोमध पितळेचं कमळ आणि कमळावर वीतभर उंचीचा देव. देवाच्या मागे नक्षीची प्रभावळ. शेजारी मृगाजिनावर बसलेले गंगाथोप महाराज.

हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं. खरं नाव आमच्या मोहघाटात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची बोली हिंदीत सुरू व्हायची, मध्येच आमच्यासारखी व्हायची आणि शिध्याची गोष्ट निघाली की एकदम स्वच्छ मराठी व्हायची.

"माय लोग, भाई लोग! गंगा सबकी माय है. पन माय खवळली तं लेकराले खाते का नाई?"

"खाते, महाराज!"

"मग उसको कौन थोपेगा? तुमचा तहसीलदार थोपेगा? चांद्याचा कलेक्टर थोपेगा?"

लोक हसले.

"हा थोपेगा!" त्याने देवाकडे बोट केलं. "गंगा याच्या पायाले लागते आन मांगे फिरते. देखो!"

गावचा सारा गोळा करणारा जुना मालगुजार गुणवंतराव पाटील पुढे झाला. त्याने नदीच्या पाण्याने भरलेली मोठी घागर उचलली आणि गंगाळात ओतायला लागला. पाणी चढू लागलं. कमळाच्या पाकळ्या बुडाल्या. पाणी देवाच्या पायाला लागलं.

आणि प्रभावळीतून आवाज आला. लांब उसासा टाकावा तसा. फूऽऽस्स.

पाणी उतरू लागलं. कुणी हात लावला नव्हता, गंगाळ कुठे गळत नव्हतं. भरलेलं पाणी आपोआप खाली खाली गेलं आणि कमळाच्या बुडाशी येऊन दिसेनासं झालं.

"बोलो गंगामाय की!"

"जय!"

बायका रडत होत्या. माझ्या शेजारचा म्हातारा जमिनीला डोकं टेकून उठेना. मी मागे उभा होतो. मी हात जोडले नाहीत. माझ्या डोळ्यांनी पाणी उतरताना मीही पाहिलं होतं आणि कसं उतरलं ते मला सांगता येत नव्हतं. तरीही हात जोडले नाहीत, कारण तो माणूस माझा वैरी होता.

हे मी आधीच सांगून टाकतो. मी क्षमा करून लिहायला बसलेलो नाही.

माझी बायको भागीरथा आदल्या भादव्यात पुरात गेली. ती माझ्या मामाची मुलगी, म्हणून सासूला मी मामीच म्हणतो.

आमच्या भागात पावसाळ्यापूर्वी गावबांधणी करतात. नाल्यापलीकडच्या टेकाडावर गोंडांचा टोला म्हणजे वस्ती आहे, तिथला कोलू हा भुमक म्हणजे पुजारी. तो प्रत्येक घरून मूठभर धान्य घेतो, सगळं एकत्र करतो, शिवेवरून फिरतो आणि पूजा करतो. त्या दिवशी शीव कुणी ओलांडायची नाही. सांज झाली की बांधणी सुटते. रोगराई आत येऊ नये, वाघाने जनावर मारू नये, यासाठी हे करतात. माझ्या आज्याच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. कुणाचं त्यात काही बिघडत नव्हतं.

मग हा महाराज आला. त्याने पाटलाला पटवलं की कोलूची बांधणी कच्ची आहे. "मैं नदीले बांधतो," म्हणाला. त्याने गावाभोवती राखेची रेघ ओढली आणि सांगितलं की चार महिने, नदीला पूर असेल तेव्हा रेघेबाहेर कुणी पाय टाकायचा नाही. पाय टाकला की बांधणी तुटेल आणि नदी आत येईल.

पूर आला तेव्हा मी वडशाला होतो, तांदळाच्या गाड्या घेऊन गेलेलो. मागे काय झालं ते मामीने सांगितलं.

आमचं गाव सखल आहे. टेकाड जवळ आहे, पण मध्ये नाला आहे. नदी चढली की तिचं पाणी आधी नाल्यात मागे घुसतं आणि टेकाडाची वाट तोडतं. गावात पाणी येतं ते त्यानंतर. म्हणजे निघायचं असेल तर गाव कोरडं असताना निघावं लागतं. भागीरथाला हे कळत होतं. ती घरोघर जाऊन सांगत होती, "चला वो, टोल्यावर चला, नाला भरून राह्यला." रेघेपाशी पाटलाचे गडी काठ्या घेऊन उभे होते. त्यांनी तिला दोनदा मागे लोटलं. गावात कमरेइतकं पाणी झाल्यावर गडी पळाले. मग ती शेजारच्या आंधळ्या म्हातारीला पाठीवर घेऊन निघाली. तोवर नाला पुरुषभर झाला होता. दोघीही गेल्या. गावातली आणखी सात माणसं गेली.

पाणी पाटलाच्या पायऱ्यांपाशी थांबलं. त्याचा वाडा उंचावर आहे, तिथे ते दर वेळी थांबतं. पण महाराजाने दुसऱ्याच दिवशी गावाला सांगितलं, "नदी भायेरच थांबली होती. एका बाईनं रेघ ओलांडली आन तिनं गंगेले आत आनलं."

माझ्या बायकोचं दिवसपाणी व्हायच्या आत तिच्यावर हा आळ आला. लोकांनी तो मानला. रोज भाकरी मागायला येणारी बाईसुद्धा आमचं दार टाळून जायची.

आता यंदा गंगाळ आलं. आणि गंगाळाच्या मागे खरी गोष्ट वेगळीच होती. विकास खात्याने आमच्या गावाला पूरनिवारा मंजूर केला होता. मोठी छपरी, टिनाचे पत्रे, सागाचे खांब. सगळं सामान गाड्यांत भरून तयार होतं. एकच निवारा मिळणार होता. तो कुठे बांधायचा हे ठरवायला साहेब येणार होते. शाळेचे पत्रू गुरुजी म्हणत होते टेकाडावर. महाराज म्हणत होता ओट्यावर, म्हणजे नदीच्या तोंडात. देवाला छप्पर, छपराखाली गाव, आणि नदी पायाला लागून मागे फिरणार.

साहेब येण्याच्या दोन दिवस आधी मी कुऱ्हाड घेऊन निघालो. शाळेपाशी गुरुजींनी हटकलं.

"कुठी चालले, मुखरूभाऊ?"

"लाकूड फोडाले."

"घाटावर कोनतं लाकूड पडलं हाय?"

"एक हाय. जटावालं."

गुरुजींनी कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला. ते अंगाने बारीक, पण दांडा सोडेनात.

"मारा," ते म्हणाले. "मंग काय होईन सांगू? तुमी जेलात जासान. थो समाधीत जाईन. त्याच ओट्यावर समाधी बांधतीन, समाधीवर मंदिर, आन मंदिरावर सरकारचे पत्रे चढवतीन. तुमाले हेच पायजे काय?"

खरं सांगायचं तर मला तेव्हाही मारायचंच होतं.

"मंग काय करू?"

"मले सांगा, गंगा दिवसातून एकदाच काऊन वाकते?"

"थो म्हन्ते, देवाले शीण होते."

"देवाले शीण!" गुरुजी हसले. "मुखरूभाऊ, मले याची कळ माहीत नाई. जे माहीत नाई थे नाई. पन जे खरंच होते, थे दोनदा होते. भात एकदा शिजला तं दुसऱ्यांदाही शिजते."

मामी शाळेच्या ओसरीवर बसून ऐकत होती. भागीरथा गेल्यापासून ती फारशी बोलत नसे. आता म्हणाली, "गुरुजी, एक इचारू? देवानं पेलेलं पानी कुठी जाते?"

"काऊन, रुखमाबाई?"

"मी घाटावर भांडे घासाले जातो. लोकं गेले का त्याचा चेला ओट्याले कनातीनं झाकते. मंग ओट्याच्या मांगून भदभद पानी सांडते. देव पेते म्हन्तात, तं सांडते कोन?"

गुरुजींनी दांडा सोडला. मीही कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"दुसऱ्यांदा करा म्हटलं तं थो करन कशाले?" मी विचारलं. "पाटील त्याच्या बाजूनं हाय."

मामी म्हणाली, "कोलूभाऊले इचारा. बांधनीचा कायदा त्याले ठाऊक."

नाला कोरडा होता. आम्ही तिघे टेकाड चढून टोल्यावर गेलो. कोलू अंगणात मोहफुलं वाळवत बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो थुंकला.

"म्या वाघासाठी गाव बांधलं. देवीच्या रोगासाठी बांधलं. नदीले कधी बांधलं नाई. नदी आली का आमी वर बसतो. तिले कोन बांधन? आन बांधनी दिवसाची असते. हा चार महिन्याची बांधते! जनावरं तरी असे दाव्याले ठेवते काय कोनी?"

"पन त्याले आता दुसऱ्यांदा पानी ओताले कसं लावाचं, भाऊ?" मामीने विचारलं.

कोलूने मान वर केली. "त्याच्यात काय हाय? थो बांधनी म्हन्ते ना? मंग घरोघरचा वाटा पायजे. एक घर सुटलं तं बांधनी लागत नाई. हे लेकरालेही ठाऊक हाय. मांगच्या साली यानं कोनाचाच वाटा घेतला नाई, यंदा पाटलाच्या एका घागरीवर गाव बांधते. मले बलावलं असतं तं मांगच्याच साली बोललो असतो."

मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. चांगलं हसू नव्हतं ते.

दोन दिवस मामी घरोघर फिरली. तिला कुणी या म्हणत नव्हतं, तरी फिरली. बांधणीत आपल्या घराचा वाटा राहिला तर आपलंच घर उघडं पडेल, एवढंच ती सांगायची. या बोलण्याला नाही म्हणणारं घर आमच्या गावात नाही.

साहेबांची जीप धुरळा उडवत आली. साहेब तरुण होते, हातात गुंडाळलेला नकाशा होता. ओट्याभोवती आधीच्या खेपेपेक्षा जास्त गर्दी होती. आणि त्या दिवशी प्रत्येक घरच्या बाईच्या कमरेवर भरलेली घागर होती. महाराजाला वाटलं, आपली पूजा करायला आल्या. तो खूश झाला.

पाटील उभा राहिला. "साहेब, गावाचं एक म्हननं हाय. निवारा इथी, देवापाशी."

गुरुजी म्हणाले, "साहेब, ही जागा दर पुरात बुडते. टेकाड कधीच बुडलं नाई."

"म्हंजे आमी गोंडाच्या टोल्यावर जाऊन राहावं काय?" पाटील म्हणाला. चार-सहा जणांनी मान डोलावली.

"नका जाऊ, पाटील," मामी मागून म्हणाली. "जात सांभाळून बुडा."

साहेबांनी नकाशा उघडला, मिटला. "जागा सखल आहे हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण गावानं एकमतानं मागितली तर मी गाड्या इथेच उतरवीन. न वापरला जाणारा निवारा बांधून काय उपयोग?"

तेवढंच महाराजाला हवं होतं. "साहब, पहले गंगा का न्याय देखो!"

पाटलाने घागर ओतली. पाणी चढलं, पायाला लागलं, प्रभावळ उसासली, पाणी उतरलं. जयजयकार झाला. साहेबांनी टोपी काढली आणि नकळत हात जोडले. मी ते पाहिलं. त्यांना मी दोष देत नाही. पाहणाऱ्याला तसंच वाटायचं.

"आता गाड्या उतरवा," पाटील म्हणाला.

"थांबा," कोलू पुढे आला. "बांधनी झाली नाई अजून. एकच घर झालं."

महाराजाने डोळे बारीक केले. "पाटील म्हंजे गाव!"

"मालगुजारी गेली, महाराज," कोलू म्हणाला. "आता पाटील म्हंजे एक घर."

पहिल्यांदा कुणीतरी मागून खिदळलं. मग बरेच जण हसले. पाटलाचं तोंड उतरलं, पण कायदा त्यालाही ठाऊक होता. तो बांधणीत लहानाचा मोठा झाला होता.

"गंगा दिवसातून एक बार वाकते," महाराज म्हणाला.

"अन पुरात?" मी विचारलं. "पुरातही एक बारच येते काय? मांगच्या भादव्यात उतरून पुन्हा चढली होती. दुसऱ्या बारी तुमचा देव झोपला होता काय?"

"पापी! तुझ्याच घरच्या बाईनं..."

"तिचं नाव घेऊ नको," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

तेवढ्यात बायकाच ओरडायला लागल्या. "आमचा वाटा घ्या! आमचं घर काऊन सोडता?" शकुबाई म्हणून एक आहे, तिच्यासारखी भाविक गावात नाही, तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. तिला त्याला उघडं पाडायचं नव्हतं. तिला आपल्या घराचं रक्षण हवं होतं. महाराजाचा चेला कनात आणायला उठला, तर त्याला वाट मिळेना.

मामी ओट्यावर चढली. आमच्या घरची घागर तिने गंगाळात ओतली.

पाणी चढलं. कमळ बुडालं. पाणी पायाला लागलं, थरथरलं, बोटभर उतरलं. "जय!" कुणीतरी म्हणालं. पण पाणी तिथेच थांबलं. उसासा आला नाही. दोन बुडबुडे आले आणि तेही बंद झाले.

"आता मी," म्हणून शकुबाईने आपली घागर ओतली. पाणी देवाच्या गुडघ्याला लागलं. तिथून हलेना.

"महाराज, गंगा मांगे काऊन फिरत नाई?" तिने भाबडेपणाने विचारलं.

"विटाळ! कोनाचा तरी विटाळ हाय! घागरी खाली ठेवा!"

"पाटलाच्या घागरीतलं पानी अन आमच्या घागरीतलं पानी एकाच डोहातलं हाय," मामी म्हणाली आणि तिने मागच्या बाईच्या हातची घागर घेतली. ती ओतली. पाणी देवाच्या छातीला लागलं.

"बस! बस कर, बुढी! देव बुडते!"

तो स्वतःच ओरडला. ज्याच्या पायाला लागून नदी मागे फिरणार होती, तो देव बुडतो म्हणून तो महाराजच ओरडला. लोकांनी ऐकलं. साहेबांनी ऐकलं.

"बुडू दे," मामी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माही पोरगी बुडली तवा तू पाटलाच्या माडीवर बसून चिवडा खाऊन राह्यला होता. रेघ आमाले अन माडी तुले. घाल वो बाई, तुहीही घागर घाल."

पाणी देवाच्या तोंडाला लागलं. नाकाला लागलं. मग देव दिसेनासा झाला. पाणी काठावरून उतून मृगाजिनावर पडलं, तेव्हा महाराज उठून उभा राहिला. चेला कधीच गेला होता.

मी चौरंगाचं लाल कापड ओढलं.

खाली टिनाचा मोठा बंद डबा होता. कडा डाग देऊन पक्क्या केलेल्या. गंगाळाच्या बुडातून एक नळी त्या डब्यात गेली होती आणि दुसरी बारीक नळी डब्यातून निघून प्रभावळीच्या मागून वर. एका कोपऱ्याला लाकडाचं बूच होतं. मी बूच उपटलं. मघाशी देवाने प्यायलेलं पाणी भदभदा बाहेर आलं आणि ओट्यावरून महाराजाच्या पायांत गेलं. तेव्हा गंगाळातलं पाणीही उतरायला लागलं आणि देव पुन्हा वर दिसला.

एक म्हातारा म्हणाला, "डब्यात?" आणि पुन्हा म्हणाला, "डब्यात काय?"

गुरुजींनी कमळ फिरवून बाहेर काढलं, आत बोट घालून पाहिलं आणि मग पोरांना मातीची एक कुंडी, पपईचा एक देठ अन बांबूचं एक पेर आणायला पळवलं. कुंडीच्या बुडाला भोक होतंच. त्यात त्यांनी पपईचा पोकळ देठ मेण लावून उभा बसवला. त्यावर बांबूचं पेर पालथं घातलं, वरून बंद, खालच्या काठाला खाचा पाडलेल्या.

"हा देठ म्हंजे कमळातली नळी," ते म्हणाले. "हे पेर म्हंजे पोकळ कमळ. आता पाहा."

त्यांनी पाणी ओतलं. पाणी खाचांतून पेरात शिरलं आणि बाहेरच्या पाण्याबरोबर आतही चढलं. देठाच्या टोकापर्यंत येईस्तोवर एक थेंबही खाली पडला नाही. टोक ओलांडलं आणि पाणी देठातून खाली पडायला लागलं. एकदा धार लागली की ती मागचं सगळं पाणी ओढून घेते. कुंडी खाचांपर्यंत रिकामी झाली.

"घासलेटवाला पिंपातून नळीनं तेल काढते तेच हे," गुरुजी म्हणाले. "एकदा ओढून धार लावली का तेल आपोआप येते. इथं तोंडानं ओढावं लागत नाई, पानी नळीच्या टोकावर चढलं का धार आपोआप लागते. नळीचं टोक देवाच्या पायाच्या उंचीवर ठेवलं, म्हनून पायाले लागलं का उतरते. नागपूरच्या बाजारात असे पेले खेळन्यात मिळतात म्हनून ऐकलं होतं. एवढं मोठं पाह्यलं नव्हतं."

"अन थो उसासा?" शकुबाईने विचारलं.

"डब्यात पानी शिरलं का आतली हवा कुठी जाईन, बाई? या बारीक नळीतून, देवाच्या मांगून. डबा भरला का हवा संपली, जागा संपली, उसासा संपला. म्हनून दिवसातून एकच बार."

शकुबाईने स्वतः एक तांब्या पाणी ओतून पाहिलं. पुन्हा उतरलं. तिने तिसऱ्यांदा ओतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मुखरूभाऊ, भागीरथा मले दोनदा बलावाले आली होती. म्याच दार लावलं."

मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि कुंडीशेजारी ठेवला.

तरणी पोरं महाराजावर धावली. गुरुजी मध्ये पडले. मी पुढे झालो आणि सगळ्यांना मागे सारलं. गुरुजींना वाटलं मी त्याला वाचवतोय. मी त्याच्या धुनीतली राख ओंजळीत घेतली आणि त्याच्याभोवती गोल रेघ ओढली.

"बस इथी," मी म्हणालो. "म्या तुले बांधलं. भादव्यापर्यंत इथीच बस. नदी येईन, तुया पायाले लागन अन मांगे फिरन. तुले शिधा आमी आनून देऊ. पन रेघ ओलांडू नको. ओलांडली तं गंगा आत येईन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नदीकडे पाहिलं. नदी जेठातली होती, गुडघाभरही नव्हती. पोरांनी काठ्या आपटल्या, जशा पाटलाच्या गड्यांनी आपटल्या होत्या. मग त्याने धोतर आवरलं, रेघेवरून उडी मारली आणि पळाला. मोहघाटच्या बांधणीची रेघ त्याने स्वतःच ओलांडली, आणि गावाने ते डोळ्यांनी पाहिलं. पोरं दगड मारत शिवेपर्यंत गेली. मी त्यांना अडवलं नाही.

साहेबांनी नकाशावर टेकाडाला खूण केली. पाटलाने तोंडाने हो म्हटलं नाही, पण त्याच्या मुलाने गाड्यांचे बैल नाल्याकडे वळवले. खांब रोवायला टोल्यावरची आणि गावातली माणसं एकत्र लागली. निवारा बांधून काम संपत नव्हतं. वेळेवर निघणं महत्त्वाचं होतं. म्हणून गुरुजींनी नाल्यातल्या भैसदगड म्हणतात त्या मोठ्या खडकावर चुन्याचा पट्टा मारला. पाणी पट्ट्याला लागलं की गाव कोरडं असलं तरी निघायचं. आधी म्हातारी माणसं, मग लेकरवाल्या, मग जनावरं. डफ वाजवायचं काम मामीने मागून घेतलं.

त्याच भादव्यात वैनगंगा पुन्हा आली. गावात पाणी यायच्या कितीतरी आधी डफ वाजला. ज्यांना टोल्यावर जायला लाज वाटत होती ते डफ वाजताच सर्वांच्या पुढे होते. दिवसभर आम्ही पत्र्याखाली बसून खाली पाहत होतो. घरं पडली. ओटा गेला. माणूस एकही गेलं नाही. कोलूच्या बायकोने सगळ्यांना कण्या शिजवून घातल्या.

लोक मला म्हणतात, तुझा सूड झाला. झाला नाही. भागीरथा असती तर ती त्या निवाऱ्यात बसून मला बोलली असती की गाय आधी का सोडली नाही. ती नाही. आणि तो माणूस अजून कुठेतरी दुसऱ्या नदीच्या काठी बसला असेल. म्हणून हे लिहिलं. त्याच्यापर्यंत आता माझी कुऱ्हाड पोहोचत नाही, हे कागद पोहोचतील.

तुम्ही नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्याच्या आधी, पाय कोरडे असताना, उंच जागेपर्यंत एकदा चालून या. मध्ये कुठला नाला आहे, तो कधी भरतो, ते पाहा. म्हाताऱ्यांना कोण नेणार ते ठरवून ठेवा. आणि कुणी तुम्हाला म्हणाला की मी नदी थांबवतो, तर त्याच्या पाया पडू नका आणि त्याला मारूही नका. त्याला एवढंच म्हणा, पुन्हा कर. आमच्या हाताने, आमच्या पाण्याने, पुन्हा कर.